करडईत झोपलेली माणसं

मी डूख धरणारा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्यानं पुढे माझ्याकडून उदारपणाची अपेक्षा ठेवायला नको. ज्या माणसाबद्दल लिहितो आहे तो वारून पुष्कळ दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मला घरचे सांगतात. तो जिवंत होता तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोललेलं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून आता बोलतो.

सैन्यात मी गुप्तवार्ता विभागात होतो. सिनेमात दाखवतात तसलं तिथं काही नसतं. माझं काम सरहद्दीवर बसून माणसांना प्रश्न विचारण्याचं. पलीकडून कुणी मेंढपाळ आला, व्यापारी आला, वाट चुकलेला शिपाई आला, की त्याला चहा पाजायचा आणि बोलतं करायचं. कुठली वाट धरली, पूल कुठं लागला, पुलाखाली पाणी किती होतं, हे उलटसुलट करून पुन्हा पुन्हा विचारायचं. खोटं बोलणारा मोठ्या गोष्टीत सापडत नाही, ती त्यानं पाठ केलेली असते. जोडे कुठं काढले, जेवायला काय होतं, असल्या बारीकसारीक गोष्टींत तो सापडतो. हे मला चांगलं जमायचं. पुढे एका घाटात जीप उलटली, गुडघा कायमचा गेला आणि मला घरी पाठवण्यात आलं.

घर म्हणजे देऊळगाव राजाकडचं आमचं खेडं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि तालुक्यातालुक्यांत कॉलेजं निघत होती. बसल्या बसल्या मी इतिहासात एम.ए. केलं आणि चिखलीला नव्यानंच निघालेल्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. इमारत अजून व्हायची होती, त्यामुळे वर्ग सरकीच्या जुन्या गोदामात भरायचे. पहिल्या रांगेतली पोरं वाकून अंगठ्यानं जमिनीतली सरकी उकरत बसायची. तरी मला ते दिवस आवडले होते. प्रश्न विचारून खरं बाहेर काढायचं, हे काम इथंही होतं, आणि इथं समोरच्याच्या हातात बेड्या नव्हत्या.

आमच्या विभागात माणसं दोनच, मी आणि विभागप्रमुख. ते पुण्याहून आलेले. उन्हाळ्यातसुद्धा कोट घालायचे, आणि आवाज असा की नुसती हजेरी घेतली तरी ऐकत राहावं. माझ्या तोंडून चुकून ‘काय करून राह्यले, सर?’ असं निघालं की ते सगळ्यांदेखत हात वर करून थांबायचे आणि म्हणायचे, “पुन्हा एकदा म्हणा ना. कानाला गोड लागतं.” मग बाकीचे हसायचे. मीही हसायचो. मनात मात्र एकेक टिपून ठेवत होतो.

मी तेव्हा एक पुस्तक लिहीत होतो. आमच्या गावाच्या पलीकडे, जालन्याच्या बाजूला, पूर्वी निजामाचं राज्य होतं, अलीकडे वऱ्हाड. एकाच सोयऱ्याधायऱ्यांची गावं, पण मधे हद्द. हद्दीवर नाके, नाक्यांवर शिपाई. या हद्दीवर माणसं कशी जगली ते मला लिहायचं होतं. सुटीच्या दिवशी एसटीनं जायचो, एसटी नसेल तिथं कुणाच्या तरी बैलगाडीत बसायचो, दुखरा गुडघा चोळत म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचो. नाक्यांवरचं प्रकरण लिहून झालं तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “द्या की, नजर टाकतो.” ज्येष्ठ माणूस आपण होऊन विचारतो आहे याचा मला आनंद झाला, काय सांगू! काही महिन्यांनी ते प्रकरण पुण्याच्या एका मासिकात छापून आलं. वर त्यांचं नाव. आत सगळं माझं, फक्त माझी वाक्यं धुऊन इस्त्री केलेली.

मी मासिक घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. ते चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, “तुम्ही माहिती आणता. उत्तम आणता, वाद नाही. पण माहिती म्हणजे कापूस. कापडावर कापूस पिकवणाऱ्याचं नाव असतं का कुठं?”

आमच्याच मुलखात बसून, कापसावर जगणाऱ्या माणसाला हा प्रश्न! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संस्थेच्या अध्यक्षांकडे जाण्यात अर्थ नव्हता. मोठे शेतकरी होते, मनानं चांगले, पण कॉलेजला पुण्याचा माणूस मिळाला याचं त्यांना भारी अप्रूप होतं. मी खोलीतून बाहेर पडलो तो एवढं ठरवूनच, की याला मी सोडणार नाही.

आता आत्याबद्दल सांगतो, कारण पुढे जे झालं ते तिचं झालं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात विधवा झालेली, सासरीच राहिलेली. तिच्या सासरचं शेत अगदी हद्दीवर होतं. निम्मं वऱ्हाडात, निम्मं निजामाच्या राज्यात, आणि शेतातला बांध म्हणजेच हद्द. निजामाचं राज्य संपायच्या आधी पलीकडे जे वर्ष गेलं, त्यात गावंच्या गावं घाबरून अलीकडे येत होती. रस्त्यांवर पहारे होते. मी तेव्हा नुकताच सैन्यात गेलेलो, पार दुसऱ्या टोकाला. आत्यानं काय केलं, तर पलीकडच्या बायका आणि लेकरं आपल्या शेतात कापूस वेचायला बोलावली. प्रत्येकीच्या कमरेला ओटी बांधली, वेचलेला कापूस टाकायला बांधतात ती. आणि भर दुपारी, नाक्यावरच्या शिपायाच्या डोळ्यांदेखत, वेचत वेचत ओळीनं पुढे सरकत तिनं सगळ्यांना बांधाच्या अलीकडे आणलं. शिपायाला दिसत होत्या त्या रोजच्याच मजूर बायका. ओटीत कापूस होता. कुणाकुणाच्या कापसाखाली तान्हं पोर होतं. असं तिनं त्या हंगामात पुष्कळ वेळा केलं.

अलीकडे बैलगाडी घेऊन तिचा दीर थांबायचा. त्याचं काम एवढंच. पण पुढे गावात गोष्ट झाली ती त्याची. त्यानं लोक आणले, त्यानं जीव वाचवले. पंधरा ऑगस्टला शाळेपुढे त्याला मानाची खुर्ची असायची आणि आत्या घरी सभेच्या लोकांचा चहा उकळत असायची.

“मले खुर्ची नको, बापू,” ती मला म्हणायची. ती मला बापूच म्हणायची. “पन लोकाइनं इतकं तं म्हणावं का हे हिनं केलं. मी मरून जाईन, मंग कोन सांगीन? तू लेह्यतं ना. तू लेहून ठेव.”

“लिहितोच आहे, आत्या.”

“पुस्तकात येईन?”

“येईल.”

एवढंच तिचं मागणं होतं. आयुष्यात दुसरं काही तिनं माझ्याकडे मागितलं नाही.

पुस्तकात असं काही येणार आहे हे कळल्यावर विभागप्रमुखांना ‘त्या बाईं’ना भेटायची इच्छा झाली. मासिकाचं प्रकरण झाल्यावरही मी त्यांना घेऊन गेलो. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. आमच्या खात्यात ज्याच्यावर संशय असतो त्याच्याशी बोलणं तोडत नाहीत, वाढवतात. हिवाळ्याचे दिवस होते. आत्यानं त्यांना भाकरी आणि पालेभाजी वाढली. त्यांनी दोनदा मागून घेतली.

“काय मऊ आहे हो! कसली भाजी म्हणायची ही?”

“करडईची, साहेब. कोवळी कोवळी पानं खुडून आणतो आम्ही.”

“करडई!” ते म्हणाले. “आमच्याकडे नुसतं तेल माहीत.”

त्याच घासाला माझ्या डोक्यात सापळा तयार झाला. घरी परतताना एसटीत ते माझ्या शेजारी बसून आत्याच्या गोष्टीचं कौतुक करत होते, आणि मी खिडकीबाहेर बघून खुशीत होतो.

सापळ्याची रीत आमच्या खात्यात जुनी आहे. बातमी कोण फोडतो ते कळत नसेल तर प्रत्येकाला थोडी वेगळी, थोडी खोटी बातमी द्यायची. जी खोटी बाहेर येईल, तिच्यावरून माणूस सापडतो. इथं माणूस माहीतच होता. मला तो जगासमोर सापडायला हवा होता. म्हणून आत्याचं प्रकरण मी दोनदा लिहिलं. खरं माझ्या पेटीत ठेवलं. दुसऱ्यात एक वाक्य घुसडलं: नाक्यावरचे शिपाई तपासायला आले, तेव्हा सगळ्यांनी शेजारच्या करडईत पालथं झोपून दिवस मावळेपर्यंत वेळ काढला.

करडई ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. ज्यानं पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. कोवळी असते तेव्हा ती घोट्याच्या वर नसते, तिच्यात सशानं दडायचं म्हटलं तरी कान दिसतील. आणि वाढली की पानापानाला काटा. कापणाऱ्या बाया हातापायांना फडकी गुंडाळून शेतात उतरतात. जनावर तिच्यात शिरत नाही, म्हणून तर ती पिकाच्या कडेनं पेरतात. कुठल्याही महिन्यात, कुठल्याही माणसाला करडईत झोपता येत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण ज्यानं ती फक्त ताटात पाहिली, त्याला ती मऊच वाटणार.

हे दुसरं प्रकरण मी नजर टाकायला म्हणून त्यांच्या हातात दिलं. आत्याला यातलं काही सांगितलं नाही. ज्याच्याकडून माहिती आली त्याला डाव सांगायचा नाही, ही शिस्त माझ्या हाडात भिनलेली होती.

मासा नुसता गळाला लागला नाही, गळ गिळून बसला. वर्षभरात त्यांचं पुस्तक आलं. आत्याची गोष्ट त्यात होती. तिच्या दिराचा ‘एक धाडसी तरुण’ झाला होता आणि आत्या ‘त्याची भावजयही मदतीस होती’ एवढ्या अर्ध्या ओळीत बसली होती. करडई मात्र फुलली होती. ‘करडईच्या मऊ, पिवळ्या गादीवर ती भेदरलेली लेकरं आईच्या कुशीत निजावी तशी निजली.’ माझ्या वाक्यात गादी नव्हती. ती त्यांची स्वतःची. वाचताना मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो.

प्रकाशन चिखलीतच करायचं ठरलं. अध्यक्षांना ही आपल्या भागाच्या गौरवाची गोष्ट वाटत होती. मी त्यांना सुचवलं की हद्दीवरच्या गावांतल्या लोकांना बोलवा, पुस्तक त्यांचंच आहे. हेही सुचवलं की लेखकांनी स्वतः ते शेतातलं पान वाचून दाखवावं, आवाज इतका चांगला आहे. अध्यक्ष म्हणाले, “वा! लई चांगली गोष्ट काढली, सर.” कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात दुपारी मांडव घातला. पुढच्या रांगांत मी हद्दीवरच्या गावचे शेतकरी बसवले. बायकांच्या बाजूला, पुढेच, आत्याला बसवलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तिला वाटत होतं, आज तिची गोष्ट ऐकायला मिळणार. माझा बेत असा: हशा पिकेल, मग मी उठून विचारेन, ‘सर, महिना कोणता होता?’ ते अडकतील, आणि मग आत्याला पुढे बोलावून खरं काय ते तिच्या तोंडून ऐकवायचं. एका दगडात दोन्ही कामं. सरहद्दीवर याहून अवघड डाव मी तडीस नेले होते.

ते वाचायला लागले. काय आवाज होता! मांडवात चिडीचूप. शिपाई आले, बायका घाबरल्या, आणि मग ती गादी आली.

आधी मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. मग एक रांग हसली, मग सगळा मांडव. पागोटं बांधलेला एक म्हातारा उठून उभा राहिला. “साहेब, करडईत निजले म्हंता, मंग काटे काढाले कोन कोन बसलं होतं?” लोक मांड्या थोपटत हसत होते. व्यासपीठावर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. तो चेहरा मी अजून काढून बघतो, खोटं कशाला सांगू. आयुष्यातलं तेवढं एक सुख आहे.

मी उठायला म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. पण तो माणूस मूर्ख नव्हता, तिथं माझा हिशेब चुकला. त्यांनी पुस्तक मिटलं, हसण्यात स्वतःही सामील झाले आणि हात वर केला, तोच हात. “मंडळी, इतिहासकाराचं काम ऐकलेलं जसंच्या तसं मांडण्याचं. लोकांच्या आठवणीत काटे बोथट होतात, फुलं तेवढी राहतात. ही गोष्ट मी ज्यांच्याकडून ऐकली, ती माउली इथं समोरच बसली आहे.” मग खाली वाकून, अगदी प्रेमानं, “काय आजी? तुम्हीच सांगितलंत ना?”

पुस्तकात जिला अर्धी ओळ दिली होती, तिला आता सगळ्या मांडवापुढे एकटीला उभं केलं.

आत्या उठली. पदर सावरला. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, वळून माझ्याकडे पाहिलं. मी अर्धवट उठलेला, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला, माझा लपवायला मी शिकलो नव्हतो. तिनं एकदा पाहिलं आणि तिला कळलं की ते वाक्य कुणाचं आहे.

“हो,” ती म्हणाली. “म्याच सांगतलं.”

हशा दुप्पट झाला. “आजीले नीद लय आली असंन!” कुणीतरी ओरडलं. ज्या शेतकऱ्यांना मी तिच्यासाठी पुढे आणून बसवलं होतं, तेच तिला हसत होते. ती खाली मान घालून उभीच होती.

मी ओरडलो. ते वाक्य मी लिहिलं, असं ओरडून सांगितलं. आत्यानं असं काही कधीच सांगितलं नाही, मी मुद्दाम खोटं घातलं, या माणसानं माझं लिखाण चोरलं हे सिद्ध करायला घातलं, तिनं सगळी माणसं कापूस वेचत आणली, भर उन्हात आणली. सगळं बोललो. आवाज फाटत होता आणि बोली पार गावची झाली होती. मांडव शांत झाला. अध्यक्ष उठले, खाली माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

“बसा, सर,” ते म्हणाले. “आत्या हाय तुमची. आमाले समजते.”

आणि टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी! म्हाताऱ्या आत्याची लाज राखायला स्वतःवर खोटेपणा घेणारा भाचा म्हणून. टाळ्या वाजवणाऱ्यांत विभागप्रमुखही होते, वर मान डोलावत.

देऊळगाव राजाच्या एसटीत आत्या माझ्या शेजारी बसली. मी दातओठ खात होतो. मग मीच विचारलं, “आत्या, तू हो का म्हणालीस?”

“मंग काय म्हनू? मी नाई म्हंतलं असतं तं त्यानं म्हंतलं असतं, तुह्या भाच्यानं लेह्यलं. इतक्या मानसाइत तुले खोटा पाडू?”

“मी खोटा पडायलाच उठलो होतो. तोच डाव होता माझा.”

“काऊन नाई सांगतलं मंग मले?” तिनं पहिल्यांदाच आवाज चढवला. पुढची माणसं वळून बघायला लागली. “माह्यी गोष्ट होती ना ते? मले सांगाचं होतं.”

त्या दिवसापासून मी त्या माणसाचा जितका द्वेष केला, त्यातला थोडा माझ्या स्वतःसाठीही राखून ठेवावा लागला.

पुढे त्यांचं चांगलंच झालं. ते पुण्याला मोठ्या जागेवर गेले, शाली मिळाल्या, आणि त्यांचं पुस्तक बी.ए.च्या वर्गाला लागलं. करडईचं वाक्य काढा, असं मी प्रकाशकाला लिहून पाहिलं. ते नाही निघालं, वाचकांना आवडतं म्हणे. माझंही पुस्तक पुढे आलं. त्यात आत्याचं खरं प्रकरण मी पेटीतून काढून घातलं. ते वाचून एका परीक्षणकर्त्यानं लिहिलं की लेखकाचं कुटुंबप्रेम हृद्य आहे. मी परीक्षक म्हणून पेपर तपासायचो तेव्हा उत्तरांमागून उत्तरं यायची, आणि प्रत्येकात ती मऊ, पिवळी गादी. शेतकऱ्यांची पोरं, घरी करडई कापलेली, आणि लिहितात गादी! कारण पुस्तकात आहे. पहिली काही वर्षं मी त्या वाक्याला गुण दिले नाहीत. मग पोरांचा काय दोष म्हणून द्यायला लागलो. विभागप्रमुखांच्या मरणाची बातमी कळली त्या दिवशी मी घरी गोड करायला सांगितलं होतं. बायकोनं केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आत्यानं ती गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही. गावात कुणीतरी तिला गमतीनं करडईबद्दल विचारायचं, ती हसून सोडून द्यायची. दिराची खुर्ची दिराकडेच राहिली. आजारपणात शेवटी शेवटी तिचं बोलणं कमी झालं होतं, पण पुस्तकाचा विषय तिनं काढला नाही, आणि मीही काढला नाही.

तिच्या तेरवीला, तेराव्या दिवशी, जालन्याच्या बाजूनं एक बाई आली. पन्नाशीची असेल. कुणी तिला ओळखत नव्हतं. तिनं ओसरीवर बसून डोळे पुसले आणि मी मयताचा भाचा म्हणून मला बोलावून घेतलं. म्हणाली, “तुमच्या आत्यानं मला पलीकडून आणलं होतं. मी लहान होते, आईच्या मागं मागं. ती गेल्याचं कळलं, राहवलं नाही.”

इतक्या वर्षांत माझ्या हाती लागलेला हा पहिला साक्षीदार होता. जिवंत, आपल्या पायांनी चालत आलेला, आणि माझा नातेवाईक नसलेला. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तिला पाणी दिलं. घाई केली नाही, माझ्या हाताखालून शेकडो माणसं गेली होती. म्हणालो, “तुम्हाला जे आठवतं ते सांगा. तुमच्या मनानं सांगा.”

“सगळं आठवतं,” ती म्हणाली. “शिपाई आले तेव्हा तुमच्या आत्यानं आम्हाला करडईत निजवलं. माझा पोरगा कॉलेजात होता तेव्हा त्यानं पुस्तकातून वाचून दाखवलं, तेव्हा मला रडूच आलं. म्हटलं, अगदी अस्संच होतं! पुस्तकात मऊ म्हणतात, पण काटे लई टोचत होते, बरं का. आत्यानं हूं का चूं करू दिलं नाही.”

मी तिला विचारू शकलो असतो. कमरेला काय बांधलं होतं, हातात काय होतं, आई काय वेचत होती. मला अर्धा तास पुरला असता. तिच्याकडून मी ती करडई काढून घेतली असती. त्या माणसानं माझं पुस्तक नेलं, आत्याचं नाव नेलं, आणि आता या बाईच्या डोक्यात शिरून हेही नेलं होतं, आणि तिथं नेऊन ठेवणारा मी होतो.

तिनं बाही वर केली आणि कोपर माझ्यापुढे धरलं.

“हे बघा. इथं अजून खूण आहे.”

कोपरावर काहीही नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “दिसते आहे.”